दोघांना दिसल्याशिवाय

संगमनेरच्या त्या रुग्णालयात जठराच्या कर्करोगाचं दुर्बिणीतून ऑपरेशन तीन सर्जन तीन तऱ्हांनी करायचे. तिघेही हुशार, त्यामुळे कुणी कुणाचं ऐकायचा प्रश्नच नव्हता. डॉ. राजेश्वरीने हट्टाला पेटून सगळ्यांना एका पद्धतीवर आणलं. त्यातला एक नियम तिचा फार लाडका: जठराची मोठी रक्तवाहिनी पडद्यावर दोन सर्जनांना स्वच्छ दिसल्याशिवाय तोडायची नाही. नाहीच दिसली, तर सरळ पोट उघडायचं.

"डेअरीत दुधाचं फॅट काढताय का, सगळ्यांनी एकसारखंच करायला?" सगळ्यांत ज्येष्ठ असलेले हनुमंत सर म्हणाले होते. पण तिच्या चिकाटीपुढे शेवटी त्यांनीही हात टेकले.

नव्या पद्धतीने पहिलं ऑपरेशन गोजरबाईचं ठरलं. घरच्या गाईंची धार तिच्याच हातची.

"मॅडम, पोट तेवढं फाडू नगा. मला धारंला बसायचं हाय."

"नाही फाडणार. बारीक छिद्रांतून करू," राजेश्वरी बोलून गेली. असा शब्द कुणालाच देऊ नये, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण यश डोळ्यांपुढे नाचत होतं.

ऑपरेशन मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत सुरळीत आलं. तिथे सुजलेल्या गाठींचा नुसता गुंता. राजेश्वरीने हलकेच बाजूला सारत एक कड शोधली.

"दिसली. तोडते."

समोर उभे असलेले हनुमंत सर पडद्याकडे बघत राहिले. "मला नाही दिसत."

"सर, ही काय इथे!"

"ही गाठीचीही कड असेल. मला दिसत नाही मॅडम, आणि नियम तुमचाच आहे."

राजेश्वरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उट्टं काढतायत! पहिल्याच ऑपरेशनला पोट उघडलं तर सगळे हसतील, आणि गोजरबाईला काय तोंड दाखवायचं? पण आज आपणच नियम मोडला, तर उद्या तो पाळणार कोण? तिने दातओठ खात दुर्बीण बाहेर काढायला लावली.

"पोट उघडू या."

उघडल्यावर बोटांनाच कळलं. कड गाठीचीच होती, आणि रक्तवाहिनी तिच्या खाली चिकटून बसलेली. राजेश्वरी मघाशी तोडायला गेली असती, तर गोजरबाई हातची गेली असती. गाठ अलगद उचलून धरून हनुमंत सरांनी तिला वाट करून दिली, आणि सगळ्या गाठी निघाल्या.

दुसऱ्या दिवशी गोजरबाईने पट्टी चाचपली. "फाडलंच की वो."

"फाडलं. तुम्हाला शब्द द्यायला नको होता, चूक माझी. पण दिसत होतं तेवढं सगळं दुखणं काढलं."

"आन् धार?"

"काही महिने मच्छिंद्रला बसवा."

"माझ्या पोराला? त्याला गाय लाथ मारती." गोजरबाईने डोळे मिटले. "मारू दी. शिकंल."

पुढचं ऑपरेशन हनुमंत सरांचं होतं आणि समोर राजेश्वरी. मोठ्या रक्तवाहिनीपाशी येताच सरांनी हात आवरला.

"मॅडम, दिसते का?"

राजेश्वरीने पडद्यावर नीट पाहिलं. "अजून नाही, सर."

आणि सर थांबले.