भोक पाडलेल्या नावेतली टाकी

साहेब, नावा तपासायला आलात, पण तुम्ही बाकाचं झाकण उघडलंच नाहीत. धक्क्यावरच्या दुकानात कॉफी पीत बसलात, दुरूनच नावेकडे हनुवटी उडवलीत आणि कागदावर शिक्का हाणलात : सुरक्षित. त्या वेळी मी आत होते. बाकाखाली, सुतळीनं बांधलेली, चुलीपासून दोन हातांवर. तुमची कॉफी निवली नसेल एवढ्या वेळात तुम्ही दोन जिवांचा निकाल लावून मोकळे झालात.

मित्रांनो, मी एक जुनी गॅसची टाकी आहे. या साहेबांचं नाव मी सांगणार नाही. शिक्का कुणाच्या हातात आहे ते त्यांचं त्यांना माहीत आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोलादाच्या दोन खोलगट वाट्या एकमेकींवर ठेवून कमरेपाशी जोडल्या, ती मी. मग मला दाबाची हवा भरून पाण्यात बुडवलं. एका म्हाताऱ्या कामगारानं मला चहूबाजूंनी फिरवून पाहिलं. बुडबुडा आला नाही, तेव्हा कुठे त्यानं मान हलवली. माझ्या शेजारणीला एकच बुडबुडा आला, तिला लगेच बाजूला काढलं. त्या म्हाताऱ्याचे उपकार मी विसरलेले नाही. कुणीतरी आपल्याला नीट पाहिलं, याच्यासारखं सुख नाही.

पुढे मी आमच्या बेटावर आले, बार्बा येरकोंच्या शिडाच्या नावेवर. बार्बा म्हणजे आमच्याकडचा वडीलधारा माणूस. नावेचं नाव 'लास्ता', म्हणजे पाकोळी. बार्बांनी ती स्वतः बांधली होती. त्यांची मुलगी दिंका नावदुरुस्तीच्या कारखान्यात कामाला होती. सुट्टी आली की बापलेक शीड उभारत आणि माशांचं कालवण माझ्या आचेवर रटरटत असे. बार्बा बोटं चाटत म्हणत, "घरच्या चुलीला ही चव नाही!" मी फुशारून जाई. माझी रबरी नळी तडकत चालली होती, याचा मला पत्ताही नव्हता.

मित्रांनो, माझ्या पोटातला गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून जात नाही. पाण्यासारखा खाली उतरतो आणि नावेच्या तळात दबा धरून बसतो. घराला दार असतं, खाली फट असते. नाव म्हणजे नुसता वाडगा. आत सांडलेलं आतच राहतं.

एका सकाळी बार्बा वरून ओरडले, "अगं दिंके, कॉफी होतेय की उद्या मिळणार?" दिंकाच्या हातात काडी होती. तेवढ्यात एक कांदा घरंगळला. तो उचलायला ती वाकली आणि तिला वास आला, कुजक्या कोबीसारखा. तिनं काडी पेटीत परत ठेवली आणि माझी चावी बंद केली. विजेच्या एकाही बटणाला हात लावला नाही.

"बाबा, तंबाखूचा पाइप पेटवू नका! पेटवलात तर आपण दोघं चर्चच्या मनोऱ्यावर सापडू."

मग तिनं तळाच्या फळ्या उचलल्या आणि प्लास्टिकची बादली घेऊन गॅस उपसायला लागली. बादली तळात बुडवायची, वर आणायची आणि समुद्रावर उपडी करायची. बघणाऱ्याला बादलीत काहीच दिसत नव्हतं. शेजारच्या नावेवरचा पाश्को पोट धरून हसला.

"दिंका, काय उपसतेस गं? बादली तर कोरडी ठणठणीत!"

"तुझी अक्कल उपसतेय, पाश्को. तळाला राहिली होती थोडी."

पण बोलतानाही तिनं बादली थांबवली नाही. ते मी पाहिलं, पाश्कोनं नाही.

त्यानंतर तिनं माझ्यासाठी नवी जागा केली. नावेच्या मागच्या टोकाला पेटी बसवली. झाकण फक्त वर उघडणारं. नावेतल्या खोलीच्या बाजूला फट म्हणून नाही. तांब्याची एकच अखंड नळी चुलीपर्यंत नेली आणि ती जिथून आत शिरते तिथली जागा चिकटद्रव्यानं लिंपून टाकली. मला दोन पट्ट्यांनी आवळलं. आणि पेटीच्या तळातून अंगठ्याएवढी नळी उतरत उतरत नावेबाहेर काढली, पाण्याच्या रेषेच्या वर. मी गळलेच, तर गॅस समुद्राकडे जाईल, माणसांकडे नाही.

बार्बा भडकले. "चाळीस वर्षं हिच्या फटींत मी काथ्या ठोकतोय. आणि माझीच पोरगी हिला भोक पाडते!"

"बाबा, हे भोक आत येण्यासाठी नाही, बाहेर जाण्यासाठी आहे."

"भोकाला दिशा कळते का गं?"

दिंकानं ऐकलं नाही. प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून ती बुडबुड्याची वाट पाहत बसली. तिनं नियमही घातला : स्वयंपाक झाला की आधी टाकीची चावी बंद. नळीतला गॅस जळून ज्योत आपोआप मावळली की मग चुलीची कळ.

त्या वर्षी साहेब पुन्हा आले. दिंका भर उन्हात झाकण उघडं धरून उभी राहिली. "या ना, बघा तरी!" साहेबांनी दुकानातूनच हात हलवला. "दिसतंय, दिसतंय." पुन्हा तोच शिक्का. ती बराच वेळ झाकण धरून होती. मग तिनं ते हळूच मिटलं.

पुढच्या उन्हाळ्यात बेटाच्या चर्चमधल्या माउलीचा सण आला. त्या दिवशी सगळ्या नावा समोरच्या टेकाडावरच्या चर्चकडे जातात आणि नावेवरच कालवण शिजतं. बार्बा आत मासे चिरत होते, काडेपेटी हाताशीच होती. निघण्याआधी, तळाची नळी मोकळी आहे ना ते पाहायला, दिंकानं नेहमीप्रमाणे पेटीत तांब्याभर पाणी ओतायला झाकण उघडलं. आज तोच वास आला. तिनं पाणी ओतलं, तर ते हललं नाही. तळाला तसंच उभं राहिलं.

"बाबा, काडेपेटीला हात लावू नका! बाहेर या."

ते आले. पाण्याकडे पाहिलं, मग समुद्रपक्ष्यांकडे पाहायला लागले.

"बाबा, बूच कुणी मारलं?"

"नावेला भोक दिसलं की हात राहत नाही गं," ते पुटपुटले. "काल बाहेरून मारलं. वर डांबरही लावलं."

दिंकानं माझ्या मानेला साबण लावला. चावीपाशी एक बुडबुडा फुगला, फुटला. मागोमाग दुसरा. रात्रभर मी थेंबाथेंबानं गळत होते आणि बाहेर जायची वाटच नव्हती. पेटी झाकणाच्या काठापर्यंत भरली असती, तर गॅस काठावरून थेट नावेतल्या खोलीत उतरला असता.

बार्बांचा चेहरा पांढराफटक पडला. ते नावेच्या मागच्या काठावर पालथे पडले आणि सुरीनं बूच उकरायला लागले. हात दोनदा निसटला, अंगठा कापला. बूच निघालं, तेव्हा पाणी घळघळत बाहेर गेलं आणि त्याच्यामागून, कुणाला न दिसता, माझा गॅस.

"तुला मी माझ्याच हातानं..." एवढंच ते म्हणाले.

"उठा बाबा. अंगठा धुवा."

त्या सणाला त्यांनी पाव आणि खारवलेले मासे खाल्ले, थंडच. दिंका म्हणाली, याहून चवदार जेवण ती कधी जेवली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून पेटीत तांब्या बार्बाच ओतू लागले. पाश्कोनंही हसणं आवरून दिंकाकडून पेटी बसवून घेतली.

आता माझी तपासणीची मुदत संपली आहे. बार्बा म्हणाले, "अजून ठणठणीत आहे." दिंका म्हणाली, "म्हणूनच आत्ता काढायची." पेटीत नवी टाकी आली. मला रिकामी करून, चावी काढून त्यांनी शेडमध्ये ठेवलं आहे. बार्बा माझ्यावर बसून जाळं विणतात. मी कुणाचं घर पेटवलं नाही, फक्त चूल पेटवली. हे माझं कर्तृत्व नाही, मित्रांनो. वाकून वास घेणाऱ्या त्या मुलीचं ते देणं आहे आणि आपली चूक स्वतः उकरून काढणाऱ्या त्या म्हाताऱ्याचं. ज्या वस्तूवर तुमचं अन्न शिजतं, तिच्याकडे रोज एकदा बघत जा. तिला तेवढंच हवं असतं.

आणि साहेब, तुमच्याशी बोलणं अजून संपलेलं नाही. आमच्या धक्क्यावर आजही दहा नावांत टाकी बाकाखालीच बांधलेली आहे. बार्बांनी बोटांवर मोजून पाश्कोला सांगितलं, ते मी ऐकलं. दहाही नावांवर तुमचा शिक्का आहे. त्यांची झाकणं तुम्ही कधी उघडणार? वार सांगा.