अर्ध्या वाटीचा भात

नवरा जिवंत असताना वसुमतीबाईंनी एकटीचा स्वयंपाक शिकायला घेतला होता. हे सांगणार तरी कुणाला? देवापुढेही त्यांनी त्याचा उच्चार केला नव्हता.

रघुपतीरावांचा कॅन्सर आता बरा होणारा नाही, हे डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलं. तेव्हापासून घरी येऊन अशा रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेतली नयना दर मंगळवारी येई. औषधांचं बघून झालं की ती स्वयंपाकघरात बाईंजवळ बसे. "अक्का, माणूस जायच्या आधीच दुःख सुरू होतं. त्यात पाप नाही. पुढची थोडी तयारी करा, पण आज अण्णा आहेत, हे विसरू नका." बाईंनी त्यातला सोयीचा अर्धा भाग तेवढा धरून ठेवला.

तयारी म्हणजे काय, तर चिकपेटच्या बाजारातून आणलेला एक छोटा कुकर. रघुपतीराव महिनाभर पेजेवरच होते. त्यांचा डोळा लागला की बाई अर्ध्या वाटीचा भात लावायच्या, एकट्या जेवायच्या आणि घास अडकतो का ते बघायच्या. पहिले चार दिवस अडकला. पाचव्या दिवशी सरळ उतरला, आणि त्याचीच बाईंना जास्त लाज वाटली. कुकर घासूनपुसून डब्यांमागे ढकलला की कुठे जीव भांड्यात पडे. चोरी म्हणजे तरी आणखी काय असतं!

त्या गुरुवारी डॉक्टरांनी बदलून दिलेल्या गोळीनं रघुपतीरावांची भूक उघडली. दुपारी बाई ताट वाढून घेऊन बसतात तोच ते भिंत धरत धरत दारात येऊन उभे राहिले.

"वसू, साराचा वास आला. स्वल्प भात वाढ बघू. आज पेज नको."

बाई ताटावरून उठल्या. टेबलावर एकच ताट, ओट्यावर खेळण्याएवढा कुकर, आणि त्यात एक शीतही उरलेलं नाही. ज्यानं एक घास खावा म्हणून नवस बोलल्या, तो माणूस आज आपणहून जेवायला मागत होता आणि घरात त्याच्या वाटणीचा भात नव्हता.

"आत्ता लावते. दहा मिनिटं थांबा."

ते कुकरकडे बघत होते. "नवा आणलास?"

खोटं बोलता आलं असतं. पण बाईंना ते सुचलंच नाही. "अहो, मी... सवय होते का बघत होते," असं म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या रडायला लागल्या.

त्यांनी चिडावं, ताट भिरकावून द्यावं, असं बाईंना अगदी मनापासून वाटलं. पण तो माणूस जन्मभर शाळामास्तर. ते हळूच खुर्चीवर टेकले, ताटातलं एक शीत उचलून त्यांनी बोटांत चिरडून बघितलं.

"कडक राहिलाय. लग्नाआधी आनेकलच्या शाळेत असताना तीन वर्षं हातानं करून जेवलोय मी. एवढ्याशा भाताला पाणी जरा जास्तच लागतं."

"नका ना हो सांगू."

"नाही सांगितलं तर रोज कच्चा खाशील." त्यांनी ताट दोघांच्या मधे ओढलं. "सरी, असू दे. बस आता."

तीन घासांत ते दमले. चौथा त्यांनी नीट कालवला आणि बाईंच्या पुढे धरला.

बाईंनी तो घेतला. तो मात्र काही केल्या घशाखाली उतरेना.