बिननंबरी बिल्ला

स्कायलॅब पडायची होती त्या वर्षी, म्हणजे एकोणऐंशी साली, नागपुरात ज्याच्या त्याच्या तोंडी आकाशच होते. ती पडून गेली तरी बोलणे थांबले नाही. त्यामुळे आमच्या खाणीच्या मेळाव्यात यंदा अंतराळाचे नाटक करायचे, असे पुष्पलताने ठरवले तेव्हा कुणाला नवल वाटले नाही. नवल एवढेच, की ते लिहायला तिने मला सांगितले.

खाण आता ‘आमची’ म्हणण्यापुरतीच उरली होती. रामटेकच्या वाटेवरची मँगनीजची खाण. धातू संपला आणि आठ वर्षांपूर्वी ती बंद झाली. माणसे पांगली. कुणी हिंगण्याच्या कारखान्यांत लागले, कुणी हुडकेश्वरला शेतात, कुणी भिवापूरला मिरचीच्या धंद्यात. पण दिवाळीनंतरच्या एका रविवारी दुपारी सगळे हिंगण्याला एका शाळेच्या सभागृहात जमत आणि नाटक होई.

मी तिथला हजेरीबाबू. बावीस वर्षे खाणीच्या तोंडाशी बसलो, पण खाली एकदाही उतरलो नाही. माझे काम बिल्ल्यांचे. खाली जाणारा प्रत्येक जण आपला नंबरचा पितळी बिल्ला पाटीवरच्या खिळ्याला टांगायचा आणि वर आला की काढून घ्यायचा. पाळी सुटताना मी पाटी बघायचो. एकही बिल्ला उरलेला नसला की ओरडायचो, “पाटी साफ!” मग भोंगा व्हायचा आणि त्यानंतरच सुरुंग उडायचे. बिल्ला लटकत असला तर खाली माणूस आहे. मग साहेब असो की मुकादम, कुणी जागचे हलायचे नाही. भीमाबाईचा नवरा एकदा दगडाआड अडकला होता. पाटीवर एकशे बारा नंबर दिसला म्हणून तो सापडला आणि पुढे वीस वर्षे भीमाबाईशी भांडला.

हे काम सोडले तर माझ्याकडे वाचनालयाचे एक कपाट होते. ते मात्र मी पुरे वाचून काढले होते. लिहितही असे, पण दाखवत नसे. खाणीच्या एका समारंभात कविता वाचायला उभा राहिलो तेव्हा कागद इतका थरथरला, की मुकादम कवडूने पुढे येऊन तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. लोकांना कविता कळली नाही, कवडूच दिसला. त्यानंतर मी लोकांपुढे उभा राहिलो नव्हतो. म्हणून पुष्पलताला मी अट घातली : हँडबिलावर माझे नाव घालायचे नाही आणि मला रंगमंचावर बोलवायचे नाही.

“बरं बाबूजी,” ती म्हणाली. “लेखक एक कामगार, असं लिहू.”

पुष्पलता कवडूची मुलगी. हिंगण्याच्या कारखान्यात कामाला होती आणि दर वर्षीचे नाटक तीच बसवायची. तिला अंतराळ हवे होते. कवडूला हवे होते स्मगलर. हिंदी सिनेमे पाहून त्याचे ठाम मत झाले होते, की स्मगलर नसला तर लोक खुर्चीत बसत नाहीत. मी दोघांचे ऐकले. नाटकात सूर्याभोवती फिरणाऱ्या एका खडकावर खाण होती. धातू संपला, कंपनी निघून गेली, आणि रिकाम्या बोगद्यांत स्मगलरांनी अड्डा केला. तिथे कायदा नाही, पोलीस नाही. माल कुठला? भिवापूरची मिरची. अंतराळ सरकारने मिरचीला बंदी केलेली, कारण यानात एकाला शिंक आली की सगळेच शिंकतात आणि चालकाच्या हातून यान सुटते.

पहिले वाचन कवडूच्या घरी झाले. कवडू डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, “झ्याक हाय. पण बाबूजी, हे लोक बिल्ले कुठं टांगते?”

“ते स्मगलर आहेत, कवडू. त्यांना कसला नियम?”

“सरकारचा कायदा नसन. खानीचा तर असन!”

“आबा, नाटक हाय ते,” पुष्पलता म्हणाली.

“मंग खान काहून म्हनता? गोडाऊन म्हना.”

मी घरी जाऊन शेवट बदलला. पोलीस दाराशी येतात, स्मगलर एकेक बिल्ला काढून रॉकेटमध्ये चढतात, सरदार रिकामी पाटी बघून ओरडतो, “पाटी साफ!” आणि रॉकेट सुटते. पोलीस अधिकारी बाई मागे राहते; जमिनीवर पडलेली एक मिरची उचलते, चावते, आणि पडदा. खरे सांगायचे तर आधीचा शेवट पानभर भाषणाचा होता. हा बरा होता.

नाटकाच्या दिवशी सभागृह तीननंतर भरले. रॉकेट डांबराच्या पिंपांचे होते, वर सिगारेटच्या पाकिटांची चांदी. ते चाकांच्या पाटावर ठेवलेले; दोर ओढला की विंगेत जाणार. कवडू सरदार, भिवापूरहून आलेला देवाजी त्याचा उजवा हात, पुष्पलता पोलीस. देवाजीने खोटी मिरची चालणार नाही म्हणून खऱ्या मिरचीची दोन पोती आणली होती. आणि कवडूने कुठून कोण जाणे, खाणीतली जुनी पाटी आणली होती, खिळ्यांसकट.

रंगमंच म्हणजे बाकांवर ठोकलेल्या फळ्या. त्याखाली, पुढच्या अंगाला, पडद्याआड बसून मला प्रॉम्प्टिंग करायचे होते. मी वाकून आत शिरणार तेवढ्यात कवडूने माझ्या हातात एक बिल्ला दिला. पाहुण्यांसाठी असायचा तसला, नंबर नसलेला.

“हे काय?”

“तुमी खाली चालले ना? टांगा मंग.”

मला ती गंमत वाटली. मी तो शेवटच्या खिळ्याला टांगला आणि विसरलो.

नाटक रंगले. माझ्या डोक्यावर फळ्या दणदणत होत्या, लोक हसत होते, आणि ते माझ्या वाक्यांना हसत आहेत हे कळायलाच मला पहिला अंक लागला. देवाजी मिरचीचे पोते आपटायचा तेव्हा फटींतून लाल धूळ माझ्या वहीवर पडायची. मी नाकाला रुमाल बांधून वाचत होतो.

शेवट आला. पुष्पलता पिस्तूल घेऊन ओरडली, “हात वर!” स्मगलरांनी बिल्ले काढले. पावले रॉकेटकडे गेली. आता कवडूचे वाक्य. पण कवडू गप्प.

“पाटी साफ,” मी खालून कुजबुजलो.

वरच्या फळीवर कवडूचे पाऊल पाटीकडे सरकले.

“कवडू, पाटी साफ!” मी जरा मोठ्याने म्हणालो.

“कशी साफ?” कवडू वरून म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असे. “एक बिल्ला लटकून राहिला.”

“तो माझा आहे,” मी कुजबुजलो. “तू म्हण आणि जा!”

“खाली मानूस हाय अन् मी पाटी साफ म्हनू?”

“अरे, नाटक आहे हे!”

“बिल्ला तर खरा हाय.”

तेवढ्यात ती धूळ रुमालातून आत गेली आणि मी शिंकलो. एकदा नाही, ओळीने पाच वेळा. सभागृहात कुणीतरी खुर्ची सरकवली. मग भीमाबाईचा आवाज आला. तो मी कुठेही ओळखला असता.

“कोन हाय गा खाली?”

“मानूस हाय, मानूस!” चारपाच जण ओरडले. “आधी वर काढा त्याले!”

“ओ पोलीसबाई,” भीमाबाई म्हणाली, “बंदूक घेऊन उभी काय राहिली वं? तुले दिसत नाही का?”

“मले दिसून राहिलं मावशी,” पुष्पलता म्हणाली. “पन मी बाबूजीले शब्द देला हाय. त्याहिले वर बोलवाचं नाही.”

झाले. आता नावच फुटले. देवाजी रॉकेटमधून ओरडला, “बाबूजी, या लवकर! पिंप तापून राहिलं, मी आत शिजून जाईन!”

मी मागच्या बाजूने निसटू शकलो असतो. तिथे दार होते, आणि दाराबाहेर माझी सायकल. मी त्या दाराकडे बघितलेही. पण बावीस वर्षे बिल्ला लटकत असताना पाळी सोडली नव्हती मी. लोकांना घरी जायची कितीही घाई असली तरी नाही. आता वर तीनशे माणसे माझ्यासाठी थांबली होती, आणि त्यांतली निम्मी खाणीत असताना असेच थांबावे लागले म्हणून माझ्यावर चिडलेली होती.

मी वही खाली ठेवली आणि पुढचा पडदा बाजूला करून बाहेर आलो. नाकाला रुमाल, केसांत जळमट, सदरा लाल.

“अगा, हे तर आपले हजेरीबाबू!” भीमाबाई म्हणाली, आणि मग जो गलका झाला तो मी काय सांगू.

कवडूने हात देऊन मला वर घेतले. मी बिल्ला काढला. हात थरथरत होता. कवडू पुढे सरकला, पण या वेळी त्याने काही धरून ठेवले नाही. नुसता हळूच म्हणाला, “तुमचंच वाक्य हाय बाबूजी. तुमीच म्हना.”

आवाज निघाला तो आठ वर्षांपूर्वीचा, खाणीच्या तोंडाशी काढायचो तो.

“पाटी साफ!”

भोंग्याची सोय आमच्या नाटकात नव्हती. तो सभागृहाने दिला. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत, म्हातारे, बायका, कडेवरची पोरे, सगळ्यांनी तोंडाने भोंगा केला, लांबच लांब, अगदी आमच्या भोंग्यासारखा, शेवटी खाली घसरणारा. कवडूने मला पिंपात ओढले, दोर ताणला गेला, आणि खडखडत आम्ही त्या खडकावरून निघालो. मागे पुष्पलताने मिरची उचलली, चावली, आणि तिचे डोळे खरेच भरून आले. लोक म्हणाले, काय अभिनय आहे!

विंगेत, पिंपात, आम्ही तिघे एकमेकांच्या अंगावर कोंबलेले होतो. बिल्ला माझ्या मुठीत होता आणि कवडू तो परत मागत नव्हता.

“काहो बाबूजी,” देवाजी म्हणाला, “पुढच्या साली हँडबिलावर नाव टाकाचं का?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि शिंकलो.

“हाव म्हनते,” कवडूने माझा होकार देऊन टाकला.