मौजवाडीची लाल पट्टी

"ज्या दिवशी तुझं डोकं त्या रेषेला लागेल ना, त्या दिवशी आजी तुझ्या शेजारी बसेल." हा शब्द मी माझ्या नातीला, उन्नतीला, तीन वर्षांपूर्वी दिला होता. रेषा म्हणजे मौजवाडीतल्या गरुडझेपेच्या दाराशी रंगवलेली चार फुटांची खूण. तिच्या खाली असलेल्या पोराला त्या उंच चढून धाडकन खाली सुटणाऱ्या गाडीत बसू देत नाहीत. यंदा मे महिन्यात मनोजनं तिला घरच्या भिंतीला उभी करून मोजली, तर चार फूट आणि वर बोटभर. पोरगी आठ दिवस झोपली नाही, आणि मलाही झोपू दिलं नाही.

मौजवाडी म्हणजे पडघ्याच्या पुढचं ते मोठं पार्क. मनोज माझा मुलगा, तो शाळेत होता तेव्हापासून आम्ही दापोड्याहून दरवर्षी जातो, आणि जातो ते शुक्रवारीच. शुक्रवारी भिवंडीत कापडाच्या लूम बंद. आता मनोजच्या स्वतःच्या बारा लूम आहेत कामतघरला, त्याही बंद. पूर्वी आमच्या आळीतून दोन टेम्पो भरून निघायचे. तांदळाच्या भाकऱ्या, वडे, सुकटीची चटणी, मटणाचा टोप, सगळं बरोबर. आत जांभळाच्या झाडाखाली चादरी टाकायच्या. एक चादर आमची, बाजूची लूमवाल्या अन्सारींची, त्यांची बिर्याणी इकडं आणि आमचे वडे तिकडं. गरुडझेपेवरचा चंद्रा तर मला बघूनच ओरडायचा, "मावशी, कानातलं काढा, नंतर माझ्या नावानं बोंबलू नका!"

यंदा गेलो, तर गेटवर माणूसच नाही. मशीन. तिकीट मोबाइलवर, त्याला सगळ्यांचे आधार नंबर लागतात, ते मनोजनं घरीच भरले होते. मशीननं मनगटावर बांधायच्या कागदी पट्ट्या काढून दिल्या. उन्नतीची पिवळी, मनोज आणि करिष्माची निळी, माझी लाल. म्हटलं, बरा रंग आहे.

पुढं एका पोरीनं पिशवी उघडली. "आउटसाइड फूड अलाउड नाही."

"अगं, आउटसाइड कुठलं? माझ्या चुलीवरचं हाय," मी म्हटलं.

ती हसलीसुद्धा नाही. डबे लॉकरमध्ये गेले, लॉकरचं भाडं वेगळं. आत गेलो तर जांभूळ तोडलेलं, तिथं फोटो काढायला एक प्लास्टिकचं हृदय उभं केलंय. रांगेत उभं राहायचं नसेल तर जास्तीचे पैसे भरून पुढं घुसा, अशी पाटी. गरुडझेपेचं नाव आता थंडर किंग. माझा जीव नुसता तळमळत होता. मेल्यांनी चांगल्या जागेची पार वाट लावली. पण म्हटलं, जानकी, गप. आज पोरीचा दिवस आहे.

तासभर रांगेत उभं राहून दाराशी आलो. उन्नती रेषेखाली ताठ उभी राहिली. डोकं लागलं! आम्ही दोघी नाचलोच तिथं. तिची पिवळी पट्टी मशीनवर टेकवली, टुण्ण झालं. माझी टेकवली, तर मशीन कर्कश ओरडायला लागलं. दारावरचा पोऱ्या म्हणाला, "रेड बँड अलाउड नाही. साठच्या वर नाही."

आता इथं एक घरची भानगड सांगावी लागेल, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारी उगाच भांडते.

मी सत्तावन्न वर्षांची. माझं आधार कार्ड सदुसष्ट वर्षांचं. कार्डाचा कॅम्प लागला होता दापोड्याच्या शाळेच्या ओट्यावर, तिथल्या माणसानं माझी जन्मतारीख विचारली. आमच्याकडं कुणाला ठाऊक असते? माझे मालक, बाळाराम पाटील, शेजारी उभे. ते म्हणाले, "लिवा, एक जानेवारी अठ्ठावन्न." मी चिमटा काढला, तर कानात म्हणाले, "गप. एसटीचं अर्धं तिकीट लवकर मिळेल." गाळे बांधून भाड्यानं देणारा माणूस, आणि अक्कल ही अशी! मग मी कागदावर पासष्टची झाले कधी, तर तेवीस सालच्या जानेवारीत. आणि मार्चमध्ये सरकारनं सगळ्याच बायकांना एसटीत अर्धं तिकीट करून टाकलं. दोन महिन्यांच्या फायद्यासाठी मी दहा वर्षं म्हातारी झाले.

तर आता दाराशी काय परिस्थिती? लहान पोराबरोबर घरचं मोठं माणूस पाहिजे, नाहीतर पोरालाही सोडत नाहीत. मनोजला साध्या पाळण्यात उलटी होते. सुनेला, करिष्माला, चक्कर येते, हे आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक. म्हणजे मी बसले तर उन्नती बसणार, नाहीतर दोघी खाली. पोरीनं माझा पदर धरला. रडली नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली. ते बघणं मला सहन होईना.

"साहेब कुठं बसतो तुमचा?" मी पोऱ्याला विचारलं.

"आई, जाऊ दे ना," मनोज म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी मी अडुसष्टची व्हईन. चल."

मॅनेजर म्हणजे भाविक नावाचा पंचविशीतला पोरगा. गळ्यात कार्ड, समोर तीन स्क्रीन, एसी असा की दात वाजावेत. माझं ऐकून घेतलं त्यानं, बोलण्यात अदब होती, ते खोटं कशाला सांगू. पण उत्तर एकच. "आजी, सिस्टीममध्ये तुमचं वय सदुसष्ट आहे. मी काहीच करू शकत नाही."

"सिस्टीम माझ्या बाळंतपणाला हुती काय? माझ्या आईला विचार म्हटलं असतं, पण ती वर गेली."

"काही प्रूफ आहे का दुसरं?"

त्याला वाटलं, आता म्हातारी गप्प बसेल. मी मोबाइल काढला आणि दिघाशीला भावाला फोन लावला. केसरीनाथनं बापाच्या जमिनीच्या वारसनोंदीसाठी आम्हा सगळ्या भावंडांचे शाळेचे दाखले काढून ठेवले होते. मी चौथी शिकलेय, दिघाशीच्याच शाळेत.

"बाय, मी शेतावर हाय," तो म्हणाला. "सांजच्याला पाठवतो."

"सांजच्याला न्हाय, आत्ता. घरी जा, पत्र्याची ट्रंक उघड, माझ्या दाखल्याचा फोटो काढ. मी इथून हालणार न्हाय."

आणि खरंच हलले नाही. भाविकच्या टेबलासमोर खुर्चीत मांडी घालून बसले. चाळीस मिनिटं. लोक तक्रारी घेऊन येत होते, माझ्याकडं बघून परत जात होते. दोनदा त्यानं पाणी दिलं, एकदा चहा. शेवटी फोटो आला. पिवळा पडलेला कागद, पण अक्षर मास्तरांचं, स्वच्छ. जन्म, चार जून एकोणीसशे सदुसष्ट.

भाविकनं फोटो मोठा करून बघितला. बोटावर हिशेब केला. "म्हणजे सत्तावन्न. पुढच्या महिन्यात अठ्ठावन्न." मग डोकं खाजवलं. "पण आजी, दोन कागद, दोन वयं. यातलं एक चूक आहे, असं तुम्हाला लिहून द्यावं लागेल."

मनोज घाबरला. "आई, अजिबात लिहायचं नाही. आधारवर खोटं दिलं म्हणून उद्या लफडं होईल."

"मग हुऊ दे. आज ना उद्या सुधारायलाच पायजे ते. खोटं लिवताना मी त्या मशीनवर दहाच्या दहा बोटं दिली, आता खरं लिवायला एक सही जड व्हते काय मला?"

आणि लिहिलं. 'माझ्या आधारवरचे वय खोटे आहे. ते माझ्या मालकांनी एसटीसाठी वाढवले. मी गप्प राहिले ही माझी चूक.' खाली जानकी बाळाराम पाटील. लिहिताना लाज वाटली, खरंच वाटली. पण उन्नती दाराच्या काचेला नाक लावून उभी होती.

भाविकनं कागद वाचला, हसू दाबलं, आणि शेवटचा खुट्टा मारलाच. "ठीक आहे. फक्त फर्स्ट एडमध्ये बीपी चेक करून या. दीडशेच्या आत असेल तर सिस्टर शिक्का देतील. हा नियम पंचावन्नच्या वरच्या सगळ्यांना आहे."

आता तुम्हीच सांगा, सकाळपासून गेटवर भांडलेली, दारावर भांडलेली, ऑफिसात भांडलेली बाई. तिचं बीपी किती असणार? नेत्रा नावाच्या सिस्टरनं दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, आणि भुवई वर गेली. "एकशे अठ्ठ्याहत्तर."

"मशीन बिघडलंय तुमचं."

"मावशी, मशीन चांगलं आहे. पंधरा मिनिटं शांत बसा. बोलायचं नाही, चिडायचं नाही. मग परत बघू."

बोलायचं नाही! मनोज उन्नतीला घेऊन बाहेर गेला, जाताना मेला गालात हसत होता. खोलीत मी, माझ्या दंडाला तो पट्टा, आणि बाजूच्या स्टुलावर करिष्मा. मांडीवर तीन पिशव्या. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसले. चार मिनिटं गेली.

"आई," करिष्मा हळूच म्हणाली. "आता तुम्हाला बोलायचं नाही, चिडायचं नाही. म्हणून आत्ताच सांगते."

मी मान वळवली.

"मला चक्कर येत नाही. कधीच येत नव्हती."

मी तोंड उघडलं. सिस्टरनं लांबूनच बोट दाखवलं. मी मिटलं.

"लग्नाच्या पहिल्या वर्षी आपण इथं आलो, तेव्हा उन्नतीच्या वेळचे मला दिवस गेलेले. तिसरा महिना पुरा होईपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही, म्हणून तुम्हीच सगळ्या आळीला सांगितलं, आमच्या सुनेला चक्कर येते, ती कशातच बसणार नाही. आठवतं?"

आठवलं. खरंच आठवलं. ती चक्कर मीच लावली होती.

"पुढच्या वर्षी मी म्हटलं, मी बसते. तुम्ही म्हणालात, नको बाई, तुला चक्कर येते. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मग मनोजही म्हणायला लागले. मग सगळेच. आठ वर्षं मी पिशव्या धरून उभी आहे. माहेरी मी गावच्या विहिरीत कठड्यावरून उडी मारायची, आई. यंदा उन्नती चार फूट झाली, तेव्हा वाटलं, आता तरी कुणी म्हणेल, आईनं बसावं पोरीबरोबर. कुणी नाही म्हटलं. तुम्ही इथं एवढ्या भांडलात, दिघाशीहून दाखला मागवला, खोटं बोलल्याचं लिहून दिलंत. मला एकदा विचारलं असतं, तर निळी पट्टी माझ्या हातात सकाळपासून आहे."

एवढं बोलून ती पिशव्यांचे बंद सारखे करत बसली. आवाज चढला नव्हता तिचा.

मला राग आला काय? आला ना. सासू आहे मी. मला शिकवते ही! पण दंडाला पट्टा, बोलायची बंदी. बोलता आलं असतं तर मी तिथंच चार गोष्टी सुनावल्या असत्या, आणि तिचं म्हणणं आणखी आठ वर्षं पिशवीत गेलं असतं. बोलता येईना, म्हणून ऐकत बसले. ऐकत बसले तसा राग खाली उतरला, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. मी चुकले होते, आणि ते कुणाच्या सिस्टीमवर ढकलता येत नव्हतं.

मी हात पुढं केला आणि तिच्या मांडीवरची एक पिशवी उचलून माझ्या मांडीवर घेतली. तिनं माझ्याकडं बघितलं. सिस्टर आली, फुगा दाबला.

"एकशे बेचाळीस. बघा, गप्प बसलं की होतं की नाही?" तिनं कागदावर शिक्का मारला.

दाराशी परत आलो, तर उन्नती उड्या मारत होती. पोऱ्यानं शिक्का बघितला, दोनदा बघितला, आणि साखळी काढली. गाडीला एका रांगेत दोन सीट. उन्नती पहिल्या रांगेत चढली आणि शेजारच्या सीटवर थापटलं. "आजी, ये!"

"उन्नती, तिथं तुझी आई बसेल," मी म्हटलं. "मी शब्द दिलेला, तो मी आज मोडते. घरी गेल्यावर काय भांडायचं ते माझ्याशी भांड. पण ती सीट तिची हाय."

"आईला चक्कर येते," उन्नती म्हणाली.

"न्हाय येत. आजी खोटं बोलली हुती."

करिष्मा जागची हलेना. "आई, एवढं भांडून मिळवलंत. तुम्ही बसा ना."

"मी बसणारच हाय! तुला काय वाटलं, खाली उभी राहीन? मोठ्या माणसाला एकट्यानं बसायला बंदी न्हाय. मी तुमच्या मागं बसते. मनोज, इकडं ये, पिशव्या धर."

मनोजनं तिन्ही पिशव्या घेतल्या.

छातीवर लोखंडी दांडा आला. गाडी खडखड करत चढायला लागली, आणि मी डोळे मिटून एकवीरा आईचं नाव घ्यायला सुरुवात केली. धैर्य वगैरे भांडायला पुरतं, हे असलं वर जायला नाही. टोकाला गाडी थांबली. मग खाली सुटली, आणि माझं काळीज वरच राहिलं.

तेवढ्यात कुणीतरी हसायला लागलं. मोठ्यानं, खळखळून, थांबायचं नावच नाही. उन्नतीचं नव्हतं, ती तर किंचाळत होती. मला वाटलं, मागच्या रांगेतली कुणी परकी बाई असेल. डोळे उघडून बघितलं, तर समोर करिष्मा, दोन्ही हात वर. ते हसू माझ्या सुनेचं होतं. आठ वर्षं एका घरात राहून मी ते पहिल्यांदा ऐकत होते.