सात नंबरचं हेल्मेट

माणूस टपरीकडेच वळतोय हे दिसताच जाईबाईंनी दोरीवर टांगलेल्या हेल्मेटांवर पोतं ओढलं.

इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल, खांद्याला फुगलेली पिशवी. असा माणूस चाकणला कारखान्याच्या गेटसमोर नुसता चहा प्यायला येत नाही. बसल्या बसल्या त्यानं टपरीचं छत, बाकडं आणि ते पोतं नीट निरखलं, तेव्हा तर बाईंची खात्रीच पटली.

भानगड अशी, की हेल्मेटशिवाय गेटवर मोटरसायकल आत सोडत नसत आणि निम्म्या कामगारांना हेल्मेट म्हणजे डोक्याला ताप. ते बाईंकडून दिवसापुरतं भाड्यानं घ्यायचे, पन्नास पावलांवरचं गेट पार करायचे आणि सुट्टी झाली की परत देऊन उघड्या डोक्यानं घरी जायचे. वॉचमनला सगळं ठाऊक होतं. त्याचा चहा फुकट होता. पण हे कुठं कागदावर आलं असतं, तर कंपनीनं दुसऱ्या दिवशी टपरी उचलली असती. नवरा गेल्यापासून बाईंचं घर या टपरीवरच चाललं होतं.

“मावशी, बुद्धरत्न माहीत आहेत का? आत सीएनसी मशीनवर होते.”

“हजार माणसं येत्यात हितं. कुणाकुणाची नावं ध्यानात ठिवू?”

नाव चांगलं ध्यानात होतं. महिन्यापूर्वी पुढच्या चौकात, उलट्या बाजूनं आलेल्या टेम्पोनं त्याला उडवलं होतं. त्या दिवशी सुट्टी झाल्यावर तो टपरीशी थांबला होता. रस्ता खणलाय मावशी, धूळ डोळ्यात जाते, हेल्मेट आज राहू दे, उद्या देतो, म्हणाला होता. बाईंनी कुरकुर केली, पण नेऊ दिलं.

“मी सुजित. त्यांचा मेहुणा.”

बाईंनी मान हलवली. मागच्या आठवड्यात एक जण चुलतभाऊ म्हणून आला होता आणि ग्लास रिकामा व्हायच्या आत विमा कंपनीचा निघाला होता. अपघात झाल्यापासून बुद्धरत्नचं गोत फारच वाढलं होतं.

“टेम्पोवाल्याची चूक विमा कंपनीला कबूल आहे,” सुजित सांगू लागला. “पण म्हणतात, दाजींच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. म्हणजे निम्मी चूक त्यांची आणि भरपाईही निम्मीच. पोलीस पोचायच्या आधी लोकांनी हेल्मेट काढलं, म्हणून ते पंचनाम्यात आलं नाही. आता विमा कंपनीचा वकील म्हणतो, इथली सगळी हेल्मेटं भाड्याची, सुट्टीला परत जातात.” तो थांबला. “दाजींचा उजवा हात उचलत नाही, मावशी. मशीनवर परत उभं राहणं कठीणच आहे.”

“भाड्याची? च्या इकते मी.”

“त्यांनी परत दिलं नव्हतं, घालून गेले होते, एवढंच सांगायचं. कोर्टात.”

कोर्टाचं नाव निघताच बाईंनी स्टोव्ह बारीक केला. गोड बोलून भाड्याचं तेवढं कबूल करून घ्यायचं, बाकीचं यांचं हे बघून घेतील. हाही विम्याचाच.

“न्हाई बाबा. म्या कुणाला कायबी दिलं न्हाई. आन त्या पोत्याकडं बघू नगंस, कांदं हायत त्यात.”

सुजितनं वाद घातला नाही. पिशवीतून एक हेल्मेट काढून त्यानं बाकड्यावर ठेवलं. डाव्या बाजूला बोट जाईल एवढी चीर होती. मागच्या बाजूला लाल नेलपॉलिशनं काढलेला सात.

“शुद्धीवर आल्यापासून दाजींचा एकच धोशा आहे. मावशीला उद्या देतो म्हणालोय, नेऊन द्या. आधी आम्हाला वाटलं, बरळतायत.” त्यानं फाइल उचलली. “नुसतं हेल्मेट दाखवलं तर दगडानं फोडून आणलंय म्हणतील. तुमचं नसेल तर टाकून द्या.”

बाईंनी हेल्मेट मांडीवर घेतलं. सातच्या शेपटीला नेलपॉलिश ओघळलं होतं. काढताना त्यांचाच हात हलला होता. आधी मनात आलं, हा आकडा खरवडून टाकावा. नख तिथवर गेलंही. मग त्या चिरेवर त्यांचं बोट टेकलं आणि त्यांना स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

कारखान्याचा भोंगा झाला. दुसऱ्या पाळीचा एक कामगार घाईघाईनं मोटरसायकल लावून आला.

“मावशी, आठ नंबर द्या लवकर.”

बाई उठल्या. त्यांनी पोतं ओढून बाजूला टाकलं, आठ नंबरचं हेल्मेट दोरीवरून सोडवलं आणि सातासकट सुजितच्या हातात दिलं.

“ही दोन्ही घिऊन जा. शेजारी ठिवून दाव त्यास्नी. आकडं एकाच हातचं हायत, कुणालाबी कळंल.”

“मावशी, अहो, मी गेटवर काय सांगू?” कामगार म्हणाला.

“सांग, कोर्टात गेलंय म्हनून.” गेटवरून वॉचमन मान उंचावून बघत होता. बाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मग सुजितला विचारलं, “तारीख कवाची हाय?”