दिवा धरणाऱ्याचं नाव

त्या खेळात नाव लिहायला चारच घरं होती. एका घरात एक अक्षर. आडनावाला जागाच नव्हती, आणि मला सगळ्यात आधी तेच आवडलं.

खेळ माझ्या हातात कसा आला तेवढं सांगते. आमचा मिसोचा धंदा बंद करून चार वर्षं झाली होती. सोयाबीन आंबवायची माणूसभर उंचीची पिंपं कोठारात रिकामी उभी होती आणि त्यांच्यामागे खोकीच खोकी. बर्फ पडायच्या आत आवरून घ्यावं म्हणून शेजारची सुमिए आली. ही विजेच्या दुकानदाराची बायको, साठीची, हाताला चलाख, तोंडाला त्याहून चलाख. तिला एका खोक्यात टीव्हीला जोडून खेळायचं पांढरं-तांबडं यंत्र सापडलं. वर एक कॅसेट खोचलेली.

"किनूकाकू, हे तामोत्सुचं ना? फेकू?"

"ठेव खाली."

"अहो, तीस वर्षांचं आहे. आता शेंबडी पोरंसुद्धा याला हात लावत नाहीत."

"तीस वर्षांचं सगळंच फेकायचं ठरवलं तर आधी तुझं माझं जाणंयेणं बंद करावं लागेल."

हसली आणि ठेवलं.

तामोत्सु माझा मुलगा, एकुलता एक. अकरा वर्षांपूर्वी तो घरजावई झाला. डोंगरापलीकडे गरम पाण्याच्या झऱ्यावर सराई चालवणारे होरिगुची म्हणून लोक आहेत, त्यांना एकच मुलगी. त्यांचं नाव बुडू नये म्हणून माझ्या मुलाने त्यांचं नाव घेतलं. माझं बुडालं तर बुडू दे. उसुई घराण्याने सात पिढ्या मिसो केला आणि सातव्या पिढीच्या बायकोसमोर तो चटईवर हात टेकून म्हणाला, "आई, मी ठरवलंय." मी म्हटलं, "मग माझ्या लेखी तू मेलास." त्याने डोकं चटईला लावलं आणि उठून गेला. दर नव्या वर्षाला त्याचं कार्ड येतं. मी ते खणात टाकते. उत्तर पाठवत नाही.

सुमिएच्या नवऱ्याने यंत्र उघडलं, पुसलं, कॅसेटमधला सेल बदलला. फुलदाणी फोडल्यासारखा वाकून म्हणाला, "काकू, माफ करा. सेल बदलताना जुना खेळ पुसला गेला. आता पहिल्यापासून खेळावं लागेल."

"बरं झालं. दुसऱ्याचं उष्टं मला चालत नाही."

मला वाटलं होतं, दोन दिवसांत कंटाळेन. पण झालं असं की मला ते वाचता आलं.

माझी शाळा लढाईच्या दिवसांत चौथीला सुटली. साधी अक्षरं येतात, वर्तमानपत्रात भरलेली असतात ती अवघड चिनी अक्षरं जेमतेम. वर्तमानपत्र मी रोज घेते, रोज उलगडते, रोज घडी घालते. ते मला वाचता येत नाही हे गावात कुणालाच माहीत नाही, आणि माझा नवरा एइझो हे गुपित घेऊनच वर गेला. हा खेळ पोरांसाठी केलेला, सगळा साध्या अक्षरांत. एक शब्द, मग मोकळी जागा, मग दुसरा शब्द. ब्याऐंशीव्या वर्षी मी पहिल्यांदा एक लांबलचक गोष्ट कुणाला न विचारता वाचत होते.

चार माणसांना नावं द्यायची होती. पहिला नायक, तिथे मी 'किनू' लिहिलं. माझ्या घरात दुसरा कोण नायक असणार? दुसरा तलवारवाला, त्याला एइझो. जिवंतपणी त्याने झुरळसुद्धा मारलं नाही, म्हटलं मेल्यावर तरी मार. तिसरी जादूगारीण, ती माझी सासू हात्सु. तिच्यासाठी फारसा विचार करावा लागला नाही. चौथा एक बुटका, लाल टोपीवाला, हातात दिवा. कोणाचं नाव द्यावं म्हणून विचार करत होते तोवर अंगठ्याने 'तामोत्सु' लिहून टाकलं होतं. पुसायचं बटण कुठलं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक झाल्यावरही मी पुसलं नाही, हे खरं.

बर्फ छपरापर्यंत आलं. दुपारी शेगडी बसवलेल्या मेजाखाली पाय घालून, अंगावर रजई ओढून मी खेळायला बसायची. गोष्ट अशी की सूर्य चोरीला गेलाय आणि उत्तरेच्या किल्ल्यापर्यंत एक दिवा जळता न्यायचाय. चौघं चालतात, राक्षस आडवे येतात, त्यांना मारायचं, पुढच्या गावात झोपायचं. तीन दिवस खेळल्यावर लक्षात आलं की सगळे बोलतात, मी एक शब्द बोललेली नाही. नायकाला बोलणंच नाही. लोक विचारतात आणि त्याने फक्त 'हो' नाहीतर 'नाही' म्हणायचं. 'नाही' म्हटलं तर 'हो' म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा तेच विचारतात. माझं लग्न असंच ठरलं होतं.

दिवेवाला मात्र बडबड्या. "किनू, दमलीस का?" "किनू, माझ्याकडे औषध आहे." "किनू, पुढे खड्डा आहे, बघून चाल." मी मोठ्याने उत्तरं द्यायला लागले. एकदा सुमिए मुळ्याचं लोणचं घेऊन दारात उभी.

"कुणाशी बोलताय, काकू?"

"रेडिओशी."

"रेडिओ तर बंद आहे."

"म्हणून तर मला बोलावं लागतंय. लोणचं ठेव आणि दार लाव, गारठा आत येतोय."

शेवटच्या गावात पोचले. तिथे एक आंधळी बाई चुलीपाशी बसलेली. तिच्याशी बोलल्यावर अक्षरं आली: 'चौघं जातील, तिघं परततील. दिवा धरणारा बर्फात राहील.'

पुन्हा तिच्याशी बोलले. तेच. तिसऱ्यांदा, तेच.

मग मी सगळं करून पाहिलं. तामोत्सुला धर्मशाळेत ठेवून निघाले, तर पाटी आली, 'दिव्याशिवाय वाट दिसत नाही.' त्याला जाड अंगरखा घेतला, एइझोची ढाल काढून त्याला दिली. राक्षस मारून मारून त्याची ताकद इतकी वाढवली की त्याने आता एकट्याने डोंगर फोडला असता. पण आंधळ्या बाईचं वाक्य काही बदललं नाही.

मी पुढे जाणंच थांबवलं. बावीस दिवस त्या गावात राहिले. सकाळी धर्मशाळेतून निघायचं, गावभर फिरायचं, प्रत्येकाशी बोलायचं. प्रत्येकाकडे एकच वाक्य. विहिरीवरची बाई म्हणायची, 'आज फार गारठा आहे, नाही का?' रोज तेच. यंत्र बंद करून अंगणातलं बर्फ लोटायला बाहेर गेले की कुंपणापलीकडून सुमिए म्हणायची, "आज फार गारठा आहे, नाही का?" दोघींना मी एकच उत्तर द्यायची. त्या बावीस दिवसांत माझ्याशी याहून जास्त कुणी बोललं नाही, आणि हे मी कुणाला सांगितलंही नसतं.

खेळ आहे हे मला कळत होतं. मी म्हातारी झाले आहे, खुळी नाही. पण जे मी एकदा तोंडाने म्हटलं होतं तेच आता मला अंगठ्याने करायचं होतं. तोंडातून गेलेल्या शब्दाला माणूस म्हणू शकतो, रागात गेला. बटण कुणी रागात दाबत नाही.

खणातून कार्ड काढलं. आकडे मला वाचता येतात. फोन लावला.

"हॅलो, होरिगुची बोलतोय."

माझ्या मुलाच्या तोंडून ते नाव. रिसिव्हर ठेवायला हात खाली गेला होता. तसाच परत वर आणला.

"मी बोलतेय."

तिकडे भांड्यांचा आवाज येत होता, मग दार लागल्याचा, मग काहीच नाही.

"आई? काय झालं? पडलीस का कुठे?"

"पडायला मला वेळ नाही. तो दिवेवाला कसा वाचवायचा?"

"कोण?"

"तुझ्या खेळातला. लाल टोपीवाला."

"आई, तू तो खेळ खेळतेयस?"

"विचारलं त्याचं उत्तर दे."

"तो वाचत नाही. काहीही केलंस तरी."

"अंगरखा घातलाय. ढाल दिलीय."

"मीपण दिली होती," तो म्हणाला. "उपयोग नाही. तो मरणारच असतो, तशीच गोष्ट आहे."

"मग तू काय केलंस?"

"रडलो. सकाळी डोळे सुजले होते, तू विचारलंस, मी सांगितलं. तू म्हणालीस, चित्रातल्या माणसासाठी रडणारा पिंपं काय उचलणार! आणि यंत्र घेऊन गेलीस. त्याच्या पुढचं मला माहीत नाही."

मला आठवेना. खरंच आठवेना. त्या काळात माझ्या तोंडून दिवसाला असं पन्नासदा काहीतरी जायचं, कोठारात माणसं कामाला होती.

"मग मोठा झाल्यावर दुसरा आणायचास."

"नाही आणला." मग तो म्हणाला, "आई, त्याचं नाव काय ठेवलंस?"

मी त्या नायकासारखी गप्प.

"कळलं," तो हळू म्हणाला. "ऐक. पहिल्या गावात विहिरीमागे एक म्हातारा बसतो. तो नावं बदलून देतो. त्याच्याकडे जा."

"नाव बदलणाऱ्यांचे पत्ते तुला बरे ठाऊक."

बोलून गेले. जिभेला हाड नाही म्हणतात, माझ्या जिभेला सुरी आहे.

"हो," तो म्हणाला. "मला ठाऊक आहेत." आणि मग, "आई, मी—"

"चुलीवर पाणी ठेवलंय," म्हटलं आणि फोन ठेवला. चुलीवर काही नव्हतं.

पहिल्या गावापर्यंत परत जायला दोन दुपारी गेल्या. म्हातारा खरंच होता. कोणाचं नाव बदलायचं? दिवेवाल्याचं. काय ठेवायचं?

एइझोचं ठेवावं असं आधी मनात आलं, तो तर मेलेलाच आहे. पण त्या बिचाऱ्याने मरून सगळं आवरून घेतलंय, त्याला परत कशाला कामाला लावायचं? आणि तेव्हा डोंगराच्या उतारावरचा दगड डोळ्यासमोर आला. एइझो गेला तेव्हा थडग्याच्या दगडावर त्याच्या शेजारी माझंही नाव कोरून घेतलं होतं, आत लाल रंग भरून. बायको जिवंत आहे, तोवर लाल. गेली की रंग काढतात, एवढंच काम उरतं. माझ्या नावाला मेलेल्यांत बसायची सवय आहे.

नायकाला 'तामोत्सु' केलं. दिवेवाल्याला 'किनू'.

मग आंधळ्या बाईकडे न जाता थेट उत्तरेला निघाले. बर्फाची खिंड, वारा, पडदा नुसता पांढरा. आता बडबडणारी मी होते आणि गप्प चालणारा तो. माझ्याच नावाखाली अक्षरं येत होती: 'तामोत्सु, दमलास का?' 'तामोत्सु, बघून चाल.' हे मी त्याला कधी विचारलं होतं की नाही, आठवायचा प्रयत्न केला. शाळेत जाताना म्हटलं असेल. म्हटलं असेलच.

खिंडीच्या टोकाला किनू बसली. चालवलं तरी चालेना. पडद्यावर अक्षरं आली, 'आता दिवा तू धर. माझे हात गार पडलेत.' मग 'हो' आणि 'नाही'. मी तीन वेळा 'नाही' दाबलं. चौथ्यांदा 'हो'. ती पांढऱ्यात पांढरी झाली, आणि तामोत्सु, एइझो आणि माझी सासू तिघं पुढे गेली. मी बघत राहिले. मला रडू आलं नाही. पण यंत्र बंद करायलाही हात उठला नाही.

पुढचे सहा दिवस मी तामोत्सु होऊन चालले. किल्ला, जिने, कुलुपं, एक तीन तोंडांचा राक्षस. त्याने मला पाच वेळा मारलं आणि सहाव्यांदा मी त्याला. सूर्य सुटला. आणि मग जे झालं ते मला कुणालातरी सांगायचंच होतं. सुमिएला सांगून उपयोग नव्हता, तिने राक्षसाला तीन तोंडं का एवढंच विचारलं असतं. ज्याला खिंडीपर्यंतचं माहीत होतं आणि पुढचं नव्हतं असा माणूस एकच होता.

फोन लावला. वाजत राहिला. मग एक बाई म्हणाली की आवाजानंतर बोला. मशीनशी मी बोलत नाही, नेहमी ठेवून देते. तेवढ्यात टूं वाजलं.

"मी बोलतेय," म्हटलं. "दिवा विझला नाही. खिंड संपते तिथे डावीकडे एक झोपडी आहे, तिथे तेल मिळतं, पण आधी तिथल्या कुत्र्याला खायला द्यावं लागतं..."

मशीनने मध्येच तोडलं. पुन्हा लावला. "तर तो कुत्रा मागे मागे येतो. तुला कुत्रा आवडला असता, मी घरात येऊ दिला नव्हता. असो. किल्ल्याला सात जिने आहेत..." पुन्हा तोडलं. जिन्यांना दोन फोन लागले, राक्षसाला एक. माझं बोलणं लांबतं, मला माहीत आहे. पण गोष्ट अर्धी सांगायची नसते. सूर्य सुटला तिथवर आले, आणि तो खिंडीत परत जातो, बर्फ वितळलेलं असतं, आणि तिथे—

त्या बाईने सांगितलं, आता निरोप ठेवायला जागा नाही.

दुसऱ्या दिवशी लावला, जागा नाही. तिसऱ्या दिवशी, जागा नाही. सराईत या दिवसांत बर्फावर घसरायला येणाऱ्यांची गर्दी असते, मला ठाऊक आहे, हात रिकामे नसतील. ते मशीन रिकामं व्हायचं तर आधीचं सगळं त्याला ऐकून पुसावं लागेल. मी रोज दुपारी एकदा लावून बघते.