विसरलेलं लोखंड

इंजिन धडधडत होतं, आतलं चाक गरगर फिरत होतं आणि बल्ब मात्र ढिम्म! मी वैतागून इंजिन बंद केलं.

"अहो, झालं का?" बेकरीवाल्यांनी दारातूनच विचारलं. जनरेटरचं यंत्र त्यांचंच.

"झालं असतं तर दिवा लागला नसता का? संध्याकाळी या."

"पण बिघडलं कसं म्हणतो मी! एवढे दिवस गोदामात नुसतं पडून होतं, कुणी हातसुद्धा लावला नाही," असं बडबडत ते गेले.

विजेच्या मोटारी आणि जनरेटर दुरुस्तीचं हे दुकान आमच्या ह्यांचं. मी लग्न होऊन आले आणि तारेची वेटोळी गुंडाळायला लागले, ती आजतागायत. पण त्या तारेत वीज येते कशी, हे मला कधी कळलंच नाही. हे समजावायचे, "अगं, मधे चुंबक फिरतं, भोवती तारेचं वेटोळं. चुंबक फिरलं की तारेत वीज येते."

"पण ते तारेला शिवतसुद्धा नाही!"

"शिवायला कशाला हवं? जवळ हवं आणि हलतं हवं. नुसतं शेजारी ठेवून काही होत नाही."

मी मान डोलवायची. डोक्यात उजेड काही पडायचा नाही.

आता विचारायची सोय नाही. हे समोरच स्टुलावर बसलेले असतात, पण मला ओळखत नाहीत. 'बाई' म्हणतात, अहो-जाहो करतात! मुलगी म्हणते, "आई, दुकान बंद कर, बाबांना घरात ठेव." घर म्हणजे तरी काय, दुकानामागच्या दोन खोल्या. तिथे ते सैरभैर होतात, इथे शांत बसतात. मला दुकानाचंही एवढं नाही. त्यांनी एकदा, फक्त एकदा मला 'अगं' म्हणावं, एवढंच हवंय.

मी सगळी तार तपासली. कुठे तुटलेली नाही, जळलेली नाही. मग पाणी मुरतंय कुठे? काही कळेना, जीव नुसता कावला. म्हटलं, जाऊ दे, सगळं वेटोळं कापून नवं घालते. पक्कड तारेला लावली आणि बेकरीवाल्यांचं 'पडून होतं' कानात वाजलं. हात थांबला.

अगं बाई! हे म्हणायचे, "पडून राहिलेलं यंत्र विसरतं. आतल्या लोखंडात थोडं चुंबकपण उरलेलं असतं. त्यावर पहिली थोडीशी वीज येते, ती फिरून त्याच चुंबकाला जोर देते, मग आणखी वीज. ते उरलेलंच गेलं की नुसतं फिरत बसतं बिचारं. बिघडलेलं काही नसतं. क्षणभर बॅटरी लावायची, की आठवतं."

म्हणजे चांगली तार कापायला निघाले होते मी!

स्कूटरची बॅटरी ओढून आणली, इंजिन सुरू केलं, बॅटरीच्या तारा आतल्या लोखंडावरच्या वेटोळ्याला क्षणभर टेकवल्या आणि काढल्या. बल्ब आधी लालसर झाला, मग पिवळा, मग लख्ख. का झाला, ते आजही मला विचारू नका.

मी ह्यांच्याकडे बघितलं. मनात आलं, ह्यांना कुठे लावू बॅटरी? आणि मला रडूच फुटलं.

हे मात्र उठून उभे राहिले होते. चेहरा कसा फुलला होता.

"अगं!"

मी डोळे पुसून पुढे झाले.

"अगं ए! बाहेर ये, बघ, दिवा लागला!"

मी अगदी शेजारी उभी होते. हाक आतल्या दाराकडे चालली होती.

मी मागच्या बोळातून घरात गेले, हात धुतले, केस सारखे केले आणि त्याच आतल्या दारातून बाहेर आले.

"काय हो? बोलावलंत?"

ते माझ्या मागे बघत राहिले. "बाई, आमची ही आत आहे ना?"

"आहेत," मी म्हटलं. "येतायत."

"मग हे बंद करू नका. तिला बघू दे."

संध्याकाळी बेकरीवाले टेम्पो घेऊन आले, तेव्हाही इंजिन धडधडत होतं. "अरे वा, लागला की! करा बंद, घेऊन जातो."

"थांबा थोडं," मी म्हटलं आणि दुसरं स्टूल ओढून ह्यांच्या शेजारी, आतल्या दाराकडे बघत बसले.